केमो चालू असताना काढा-चूर्ण द्यावं का? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनी जरूर लिहा

जांबोटीची_अनू

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, आधीच सांगते.

आमच्या आत्याला स्तनाचा कॅन्सर निघाला. वय साठीच्या आसपास, शुगरच्या गोळ्या चालू. ट्रीटमेंट बेळगावातच सुरू आहे. आधी लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि त्याच्याबरोबर सायक्लोफॉस्फमाइड, ते झालं की पॅक्लिटॅक्सेल, मग ऑपरेशन, असं ठरलंय. दोन सलाईन झाल्या. केस गेले, तोंडाला चव नाही, पण बाई खंबीर आहे.

आता घरातला तिढा. आत्याच्या सासरकडच्या एकांनी खानापूरच्या पलीकडल्या एका झाडपाल्यावाल्याकडून काढ्याची बाटली आणि चूर्णाची पुडी आणलीय. लेबल नाही, काय घातलंय ते तो सांगत नाही. सोबत एक छापील कागद दिलाय. व्हॉट्सअॅपचा फॉरवर्ड असता तर मी उडवून लावला असता, पण हा खरोखरच्या जर्नलमधला आहे. अमुक वनस्पतीचा अर्क आणि केमोचं औषध एकत्र दिल्यावर एमसीएफ-७ नावाच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी जास्त मेल्या, असं त्यात आहे. आलेखबिलेख सगळं. आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, म्हणतात शास्त्रज्ञच लिहितायत तर आपण कोण नको म्हणणारे?

मला विज्ञान बारावीपर्यंतच. जाणकारांनी सांगा, या कागदाचा अर्थ काय घ्यायचा? आणि बाटली उघडायची का?

कुंदा_आणि_मांडे

अनू, डॉक्टरांना दाखवलीस काय बाटली? का न दाखवताच पाजवालाय? आमच्या वडगावात हेच चाललंय की. एकाला बरं वाटलं म्हटलं की सगळी गल्ली तिकडं पळतंय. बरं न वाटलेला माणूस सांगायला राहत नाही, ते कोण बघालंय?

जांबोटीची_अनू

नाही दाखवली अजून. मामा म्हणतात डॉक्टर ओरडतील. बाटली फ्रीजमध्ये आहे.

पेशीपुराण

माहेर टिळकवाडी, सध्या बाहेर. पेशी वाढवणे हाच माझा धंदा आहे, त्यामुळे असा कागद कसा तयार होतो ते सांगते.

एमसीएफ-७ ही पेशींची एक वाण. अमेरिकेत मिशिगनमध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या एका ख्रिस्ती ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या काढल्या. १९७३ साली त्या प्रसिद्ध झाल्या आणि तेव्हापासून जगभर त्यांच्याच पिढ्या चालू आहेत. दुसरी नेहमीची वाण एमडीए-एमबी-२३१, ती ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनची आणि हर-२ वरची औषधं जिच्यावर चालत नाहीत अशी. वनस्पतींचे बहुतेक प्रयोग या दोघींवर होतात.

प्रयोग असा. तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट, तिला ९६ खळगे. प्रत्येकात काही हजार पेशी सोडायच्या. रात्रभरात त्या तळाला चिकटल्या की कुठे नुसतं औषध घालायचं, कुठे नुसता अर्क, कुठे दोन्ही. दोन-तीन दिवस थांबायचं. मग एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य घालायचं. जिवंत पेशी त्याचे जांभळे कण करतात, मेलेल्या करत नाहीत. कण विरघळवून यंत्राने रंग मोजायचा. गडद जांभळं म्हणजे पेशी मजेत आहेत. निम्म्या पेशी ज्या मात्रेला गारद होतात तो आकडा म्हणजे आयसी-५०.

इथेच पहिली मेख. बऱ्याच वनस्पतींच्या अर्कात अशी द्रव्यं असतात की पेशी नसतानाही ती एमटीटीला जांभळं करून टाकतात. काही अर्क मुळातच इतके रंगीत असतात की यंत्र फसतं. म्हणून पेशी नसलेले, नुसत्या अर्काचे खळगे लावून तपासावं लागतं. ते केलंय का, हे पेपरात शोधायचं. निरोगी पेशींवर तोच अर्क घालून पाहिलाय का, हेही शोधायचं. कॅन्सरच्या पेशी मारणं फार अवघड नाही हो, फिनाइलनेही मरतात. बाकीच्या जगल्या पाहिजेत.

दुसरी मेख आकड्याची. कच्च्या अर्काचा आयसी-५० मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या आत आला तर दखल घ्यावी, असा साधारण दंडक आहे. दोनशे-तीनशे आकडा असलेला पेपर म्हणजे पीएच.डी.चं एक प्रकरण पूर्ण झालं, एवढंच.

तिसरी, आणि अनूसाठी महत्त्वाची. 'एकत्र दिल्यावर जास्त मेल्या' याला काही अर्थ नाही. दोन मारक गोष्टी घातल्या तर एकीपेक्षा जास्त मरणारच. खरा प्रश्न असा, की नुसत्या बेरजेपेक्षा जास्त काम झालं का? त्यासाठी चाऊ आणि तलाले यांचं १९८४ चं गणित वापरतात. निर्देशांक १ च्या खाली आला तर जोडी जमली. १ म्हणजे नुसती बेरीज. १ च्या वर गेला तर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतायत. तुझ्या कागदात हा निर्देशांक आहे का बघ.

जांबोटीची_अनू

नाही. खांब-खांब आलेख आहेत आणि वर फुल्या.

शंकासुर

फुल्या-खांबांचं सोडा. मूळ मुद्द्यावर या. हळद, गुळवेल, तुळस हजारो वर्षं वापरात आहे. त्यातून पैसा मिळत नाही म्हणून औषध कंपन्या ते पुढे येऊ देत नाहीत. केमो म्हणजे शुद्ध विष. झाडपाला निसर्गाचा.

घाटमाथा

शंकासुर, अहो तुम्ही ज्याला शुद्ध विष म्हणताय ते निम्मं झाडातूनच आलंय. अनूच्या आत्याला पुढे जे पॅक्लिटॅक्सेल मिळणार आहे ते अमेरिकेतल्या यू झाडाच्या सालीत सापडलं. ते शोधणाऱ्या दोघांतले एक मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे! मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेले. मनरो वॉल आणि वाणी यांनी १९७१ साली टॅक्सॉलची, म्हणजे याच पॅक्लिटॅक्सेलची, रचना मांडली. त्याआधी १९६६ साली याच जोडीने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य काढलं होतं.

आणि आता आपल्या घाटाकडे या. तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्या नावाच्या झाडात आहे. १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते दाखवून दिलं. मग काय, सह्याद्रीतला नरक्या ट्रकांनी तोडला गेला. चंदगड, राधानगरी, सिंधुदुर्ग या बाजूला नरक्याची लाकडं पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. मी आंबोली-तिलारी-चोर्ल्याकडे झाडं बघत फिरतो. पूर्वी गुडघ्याएवढी रोपं पायवाटेच्या कडेला दिसायची, आता मुद्दाम शोधावी लागतात.

कॅम्प्टोथेसिनपासून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं झाली, १९९६ साली दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली. स्तनाच्या कॅन्सरची अगदी नवी औषधं, ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन आणि सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅन, यांत अँटिबॉडीला (कॅन्सरची पेशी ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनाला) जे मारक द्रव्य बांधलेलं असतं ते याच घराण्यातलं.

सदाफुली घ्या. दारातलं फूल. त्यातून व्हिन्क्रिस्टिन, व्हिन्ब्लास्टिन. त्याच कुळातलं व्हिनोरेलबिन स्तनाच्या कॅन्सरला देतात.

आणि लाल औषध? ते मातीतल्या जिवाणूपासून. यापेक्षा नैसर्गिक काय पाहिजे?

कुंदा_आणि_मांडे

मग सदाफुलीची पानं चावून खाल्ली तर? आमच्या शेजारी एक आजोबा शुगरला म्हणून रोज खायचे.

घाटमाथा

नको. त्या पानात किती काय आहे हे पानाला विचारून कळत नाही. व्हिन्क्रिस्टिन दवाखान्यात मिलिग्रॅममध्ये मोजून देतात, जास्त झालं तर नसा जातात.

नरक्याचंच ऐका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅम्प्टोथेसिनचा सोडियम क्षार माणसांना देऊन पाहिला. मूत्राशयातून रक्त जायला लागलं, रक्तपेशी घसरल्या, प्रयोग थांबवावे लागले. पुढे रेणूत बदल करून, तो पाण्यात विरघळेल असा करून, मात्रा ठरवून मग औषध झालं. मधे वीसेक वर्षं गेली. आणि आपल्याकडे लोक सांगतात, नरक्याची साल उकळून प्या. अनू, त्या बाटलीत नरक्या नाही ना, एवढं तरी विचार. केमोने आधीच पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात. त्यात वरून हे पडलं तर काय होईल?

वैद्य_अंगण

बी.ए.एम.एस., एम.डी. करून बेळगाव परिसरातच प्रॅक्टिस करतो. दोन्ही बाजूंचे कान उपटतो, रागावू नका.

शंकासुर, आयुर्वेदात मात्रा, काल, अनुपान, रुग्णाचं बल या सगळ्याचा विचार आहे. लेबल नसलेली बाटली हा आयुर्वेद नव्हे. वैद्याने काय दिलंय ते सांगता आलं पाहिजे. 'गुरूचं गुपित आहे' म्हणणाऱ्याकडून औषध घेऊ नये, मग तो कितीही मोठा असो. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही मामांच्या कानावर घाल.

आणि पेशीपुराण, तुमच्या प्लेटमध्ये मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क असतो. आम्ही मिथेनॉलचा काढा करत नाही. तेव्हा तो पेपर आयुर्वेदाच्या बाजूचा पुरावाही नाही आणि विरोधातलाही नाही.

मी स्वतः केमो चालू असलेल्या रुग्णाला भस्मयुक्त, म्हणजे धातूंची राख घातलेलं औषध देत नाही. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आमच्या शास्त्रातली शोधन-मारणाची, म्हणजे धातू शुद्ध करून भस्म करण्याची बाजू मी तासभर मांडू शकतो, पण केमोत यकृत आणि मूत्रपिंड आधीच राबत असतात, तिथे मला धोका नको.

गुळवेलीचंही तेच. करोनाच्या काळात सगळ्यांनी गुळवेल ढोसली, २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी काविळीचे सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती खरी गुळवेल नसून तिच्या जवळची दुसरी वेल असू शकते. असेलही! पण मग बाजारातल्या पुडीत कुठली वेल आहे हे आत्याला कोण सांगणार?

केमो संपल्यावर, रिपोर्ट बघून, त्यांच्या डॉक्टरांना सांगून बलासाठी काही देता येतं. घाई करू नका.

पेशीपुराण

वैद्यबुवा, मिथेनॉलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्याच्याच पुढचं सांगते, कारण मामांना हेच पटवायला लागेल.

प्लेटमध्ये अर्क थेट पेशीवर ओततात. माणसात तो पोट, आतडं, यकृत ओलांडून रक्तात यायचा, मग गाठीपर्यंत जायचा. हळदीतलं करक्युमिन घ्या, यावर सगळ्यात जास्त काम झालंय. प्लेटमध्ये परिणाम दिसायला साधारण १० ते २० मायक्रोमोलर (द्रावणात द्रव्य किती दाट आहे त्याचं माप) लागतं. तैवानमध्ये २००१ साली माणसांना रोज ८ ग्रॅमपर्यंत करक्युमिन देऊन रक्त तपासलं, तर सर्वांत वरची पातळी सरासरी पावणेदोन मायक्रोमोलरच्या आसपास. आणि ८ ग्रॅम करक्युमिन म्हणजे हळद किती? हळदीच्या पुडीत करक्युमिन साधारण ३ टक्के. करा हिशोब. पाव किलोच्या वर हळद रोज.

आता उलटी बाजू. २००२ साली 'कॅन्सर रिसर्च'मध्ये एक पेपर आला. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, त्यांत एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१ सुद्धा. केमोबरोबर करक्युमिन घातलं, तर पेशी मरण्याचं प्रमाण कमी झालं. औषधांमध्ये कॅम्प्टोथेसिन होतं आणि डॉक्सोरुबिसिनही. मग उंदरांवर पाहिलं. आहारात करक्युमिन दिलेल्या उंदरांमध्ये सायक्लोफॉस्फमाइडने गाठ आटायची ती नीट आटेना. अनू, आत्याला आत्ता चालू आहेत तीच दोन औषधं बरं का.

कारण साधं आहे. डॉक्सोरुबिसिनचं काही काम पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार करून होतं, आणि ही वनस्पतिजन्य द्रव्यं ते रेणू शोषून घेतात. 'अँटिऑक्सिडंट आहे' हे पुडीवर छापलेलं असतं ना, तेच इथे आडवं येतं.

शंकासुर

म्हणजे तुमच्या सोयीचा पेपर खरा आणि त्या झाडपाल्यावाल्याचा खोटा?

पेशीपुराण

दोन्ही खरे असू शकतात, आणि म्हणूनच प्लेट बघून आत्याला काही द्यायचं नसतं. तुमच्या बाजूचाही पुरावा देते, घ्या. आर्मेनियात १५० स्त्रियांवर चाचणी झाली, २०२० साली छापून आली. पसरलेला स्तनाचा कॅन्सर, दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, अर्ध्याजणींना त्यासोबत ३०० मिलिग्रॅम करक्युमिन, बाकीच्यांना त्याऐवजी बिनऔषधाचं सलाईन, कुणाला काय ते कुणालाच माहीत नाही. करक्युमिनच्या गटात ५१ टक्के बायकांच्या गाठी आटल्या, दुसऱ्या गटात ३३ टक्के. चांगला निकाल आहे. पण ते करक्युमिन शिरेतून दिलं होतं, दवाखान्यात, मोजून. पोट-यकृताची वाटच टाळली. आणि जोडीला लाल औषध नव्हतं.

एकच द्रव्य एका औषधाला मदत करतं, दुसऱ्याच्या आड येतं. बाटलीत तर किती द्रव्यं आहेत कोण जाणे.

औषधांचं_दुकान_शहापूर

बी.फार्म. काउंटरवर रोज हा प्रश्न येतो. पेशींच्या पलीकडचं एक सांगतो, यकृताचं.

पॅक्लिटॅक्सेल शरीरातून काढून टाकायचं काम यकृतातली एन्झाइम करतात, सीवायपी-२सी-८ आणि ३ए-४. काळ्या मिरीत, पिंपळीत पिपेरिन असतं, ते ३ए-४ ला दाबतं. औषध शरीरात जास्त वेळ राहिलं तर ऐकायला बरं वाटतं, 'परिणाम वाढला' म्हणतील. पण पॅक्लिटॅक्सेलची मात्रा आधीच काठावर ठरवलेली असते. पातळी वाढली की पांढऱ्या पेशी कोसळतात, हातापायांना मुंग्या येतात त्या जात नाहीत. आत्याबाईंना शुगर आहे म्हणजे नसा आधीच नाजूक.

सायक्लोफॉस्फमाइडचं उलट. ते घेताना औषध नसतंच, यकृत त्याला औषध बनवतं. तिथे एन्झाइम दाबलं तर काम कमी व्हायची भीती.

हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरी का घालतात माहीत आहे का? १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून अभ्यास आला, २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं तर रक्तातलं करक्युमिन वीसपट. तेव्हापासून प्रत्येक डबीवर 'पिपेरिनसह' लिहिलेलं. काउंटरवर लोक तीच डबी मागतात, केमोच्या फाइलसकट! मी देत नाही. बाजूच्या दुकानात मिळते, तो भाग वेगळा.

आमटीतली हळद-मिरी खुशाल खाऊ द्या. मी कॅप्सूल, अर्क, काढा यांबद्दल बोलतोय.

मीही_त्यातली

बराच वेळ वाचत होते. माझं स्तनाच्या कॅन्सरचं सगळं होऊन आता फक्त गोळी चालू आहे. मी हिंडलग्याची. मी केमोत गव्हांकुराचा रस आणि अश्वगंधा घेत होते, चोरून.

का चोरून ते लिहिते. पहिल्याच वेळी विचारलं, "डॉक्टर, अश्वगंधा चालेल का?" मान वर न करता उत्तर आलं, "मग तिकडेच जा ना." बाहेर पंधरा पेशंट बसलेले, त्यांनाही ऐकू गेलं. पुन्हा विचारायची माझी टाप नव्हती. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. ज्या बाई बाटली लपवतात ना, त्या अडाणी असतात असं नाही.

नंतर दुसऱ्या केमोला काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा पडला, ताप आला, अॅडमिट केलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कॉटवर बसून विचारलं, "काकी, घरचं काय काय घेता? मी रागवणार नाही." मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, रस बंद केला. म्हणाल्या, कच्चा रस, त्यात माती-जंतू, आणि तुमच्या पांढऱ्या पेशी नाहीत, त्यात काविळीचाही धोका बघायला लागेल अश्वगंधेने. आल्याला मात्र हो म्हणाल्या. मळमळीला आल्याचा खूप उपयोग झाला.

अनू, केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात ताप १००.४ ला गेला तर रात्र असो, पाऊस असो, गाडी काढायची. गावातल्या डॉक्टरकडून गोळी घेऊन झोपायचं नाही. जांबोटीहून बेळगाव पावसाळ्यात किती वेळ लागतो तुला ठाऊक आहे, म्हणून त्या दिवसांत आत्याला बेळगावातच कुणाकडे तरी ठेव.

पेशीपुराण

आल्याचं बरोबर आहे. अमेरिकेत ५७६ रुग्णांवर चाचणी झाली, नेहमीच्या उलटीच्या औषधांसोबत अर्धा ते एक ग्रॅम आलं. पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. अशी चाचणी झाली की मग मलाही वनस्पतीचं कौतुक करायला काही वाटत नाही.

अश्वगंधेवर मलेशियात १०० स्तन-कॅन्सर रुग्णांचा अभ्यास आहे, थकवा कमी झाल्याचा. पण कुणाला काय मिळतंय ते सगळ्यांना माहीत होतं आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते. तेव्हा आशादायक, पुढे नाही.

निपाणीकर_७१

लक्ष्मणफळाचं काय? आमच्याकडे रोपं विकणारा माणूस केमोपेक्षा दहा हजार पट ताकद म्हणून सांगतो. घराघरात लावलंय.

घाटमाथा

दहा हजार पट हा आकडा प्लेटवरचाच, एका रेणूचा एका पेशींच्या वाणावर. माणसांत केमोऐवजी चालल्याचा पुरावा नाही. उलट कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर हे फळ आणि पानांचा चहा खूप घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार दिसल्याचं १९९९ साली नोंदलं गेलं. फळ हंगामात एखादं खा, पानांचा काढा नको.

शंकासुर

बरं. समजा कुणी केमो नाकारून फक्त झाडपाला घेतला तर तो त्याचा निर्णय. इतकं काय बिघडतं?

औषधांचं_दुकान_शहापूर

२०१८ साली अमेरिकन नोंदींवरचा अभ्यास आला. बरा होण्याजोगा कॅन्सर असूनही ज्यांनी नेहमीचे उपचार न घेता फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटीच्या वर. एवढं बिघडतं.

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. झाडपाल्यावाल्यांचे फोन नंबर आणि 'खात्रीचा माणूस' असे पत्ते इथे चालणार नाहीत. चर्चा चालू द्या.

जांबोटीची_अनू

सगळ्यांचे आभार. काल झालेलं सांगते.

मामांना पेशीपुराण यांचा उंदरांवाला प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. पण मीही_त्यातली काकींचं वाचल्यावर आत्याच म्हणाली, बाटली पिशवीत घाल, आपण दाखवूया. मग सोमवारी बाटली, पुडी आणि तो कागद, तिन्ही घेऊन गेलो. डॉक्टर ओरडले नाहीत. बाटलीचा वास घेतला, कागद नीट वाचला आणि मामांना विचारलं, "हा प्रयोग कुठल्या औषधाबरोबर आहे?" तो निघाला सिस्प्लॅटिनबरोबर. आत्याला ते औषध चालूच नाही! इतके दिवस हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बाटली बंद. आलं, आमटीतली हळद, शिजवलेलं सगळं चालेल. लिव्हरची तपासणी यावेळी जादा लिहून दिलीय, कारण पुडीतलं चूर्ण आत्याने आधीच दोन-तीनदा खाल्लं होतं, ते तिथं कळलं. मामांनाही माहीत नव्हतं.

मामांनी त्या माणसाला फोन करून आत काय आहे विचारलं. तो म्हणाला, सांगितलं तर गुण जातो.

वैद्य_अंगण

हेच अपेक्षित होतं. चूर्णाची पुडी फेकू नकोस. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये काही वरखाली आलं तर उरलेलं चूर्ण डॉक्टरांना लागेल. झिपच्या पिशवीत घालून, वर तारीख टाकून ठेव.

कुंदा_आणि_मांडे

नेहरूनगरला ती आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था आहे की, पारंपरिक औषधांची. तिथं नेऊन तपासता येत नाही काय?

वैद्य_अंगण

राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था. २००६ साली प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, पुढे हे नाव मिळालं. आपल्या घाटातल्या वनस्पतींवर शास्त्रीय काम करणारी संस्था आपल्या गावात आहे ही चांगलीच गोष्ट. पण ते संशोधनाचं ठिकाण. रुग्णाची बाटली आधी रुग्णाच्या डॉक्टरांकडे.

निपाणीकर_७१

अनू, खर्चाचं काय केलंत? २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली होती, कर्नाटकाने हरकत घेतली, तेव्हापासून आमच्याकडे सगळे एकमेकांना विचारतायत.

जांबोटीची_अनू

आम्ही कर्नाटकच्या आयुष्मान कार्डावर आहोत. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं, त्यात धावपळ झाली. वेगळा धागा काढते त्यावर, बरंच लिहिण्यासारखं आहे.

मीही_त्यातली

एक राहिलं. माझी ती गोळी म्हणजे टॅमॉक्सिफेन, स्तनाच्या कॅन्सरची हार्मोनवरची. केमो संपली म्हणून मी हळदीची कॅप्सूल सुरू करणार होते, सांध्यांसाठी. वरचं वाचून थांबलेय. केमो नसताना तरी चालते का?

औषधांचं_दुकान_शहापूर

काकी, विचारलंत ते बरं केलंत. टॅमॉक्सिफेनचं काम मुख्यतः एंडॉक्सिफेन करतं, आणि ते टॅमॉक्सिफेनपासून यकृतात तयार होतं. २०१९ साली नेदरलँड्समध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ बायकांना करक्युमिन देऊन रक्त तपासलं. एंडॉक्सिफेन साधारण ८ टक्क्यांनी उतरलं, पिपेरिन सोबत असताना १२ टक्क्यांच्या वर. बऱ्याचजणींना एवढ्याने फरक पडणार नाही, पण जिची पातळी आधीच कमी आहे तिला पडू शकतो, आणि आपली पातळी किती ते आपल्यापैकी कुणी मोजून घेत नाही. सांध्यांसाठी पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा, दुसरं काहीतरी लिहून देतील. आणि कॅप्सूलची डबी उघडली नसेल तर दुकानात परत करा, बिल असलं की घेतात.